दुपारची हजेरी

माय लातूरच्या डाळ मिलमध्ये कामाला होती तेव्हा दिवसातून दोनदा हजेरी व्हायची. एक सकाळी आठला, दुसरी जेवणानंतर. मुकादम वही घेऊन गेटच्या आत सावलीला उभा राहायचा, नाव पुकारायचा आणि बायांनी हात वर करायचा. तोंडानं 'हाय' म्हटलेलं त्याला चालत नव्हतं. एकीच्या नावावर दुसरी 'हाय' म्हणते, असा त्याचा संशय. हात दिसला तर टिक, नाही दिसला तर खाडा. दुपारची हजेरी मुद्दाम ठेवलेली होती. सकाळी नाव लावून बाई जेवायच्या सुट्टीत लेकराकडं जाते आणि परत येत नाही, हे मालकाला पक्कं माहीत होतं. दुपारी हात दिसला नाही की सकाळी केलेलं कामही पाण्यात. अर्धा दिवस धरायची पद्धतच नव्हती.

आम्ही मूळचे मुखेड तालुक्यातले. दोन एकर कोरडवाहू, त्यावर वर्षातले चार महिने निघायचे. म्हणून बा त्याच मिलमध्ये पोती उचलायला आणि माय डाळ निवडायला. मिलच्या मागं पत्र्याची एक खोली होती. माय संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, पदरात तुरीचा कोंडा असायचा. दारातच झटकायची आणि मग पंधरा मिनिटं खोकत बसायची.

मी पाचवीत असताना मला ताप भरला होता. माय जेवायच्या सुट्टीत पळत आली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, चार घोट पाणी पाजलं आणि पळत गेली. गेटपाशी पोचली तेव्हा मुकादम दोन नावं पुढं गेला होता. तिनं बाहेरूनच, गजांतून, हात वर केला. तो म्हणाला, "गेटच्या बाहेरचा हात मी धरत न्हाई." संध्याकाळी बा नं विचारलं, काय झालं? माय एवढंच म्हणाली, "हात पोचला न्हाई." ते तीन शब्द माझ्या डोक्यातून कधी गेले नाहीत.

पुढं नांदेडला राहून, सकाळी पेपर टाकून, मी बी.ए. झालो. आमच्या सात पिढ्यांत पहिला. हे मी अभिमानानं सांगतो आणि कुणाला ते मिरवणं वाटलं तरी सांगतो. पदवीचा कागद बघून बा नं तो उलटा की सुलटा हेही विचारलं नाही, नुसता हात फिरवला. तो त्याच साली गेला. मायचा दमा वाढला, डॉक्टर म्हणाले धुळीत ठेवू नका, म्हणून आम्ही गावी परतलो. फाट्यावर मी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. पीकविमा, जातीचा दाखला, पोरांच्या स्कॉलरशिप. लोक मला नावानं हाक मारायचे बंद झाले, 'बीए' म्हणायला लागले.

आमची वस्ती गावाच्या वरच्या अंगाला, विहाराच्या मागं. गावात नळ होते. आमच्याकडं एक हापसा, तोही रस्ता ओलांडून. उन्हाळ्यात शंभरदा दांडा मारला की एक घागर. माय दहा दांडे मारायची, थांबायची, छातीवर हात ठेवायची, परत दहा. मी दुकान सोडून गेलो तर रागावायची. "तुझं काम कर, माझं मी करते." घरात बी.ए. पोरगा आणि हापशावर दम लागलेली माय, हे बघून मला माझीच लाज वाटायची. म्हणून मी ग्रामपंचायतीला उभा राहिलो. नळाची लाइन वस्तीत आणायची, एवढ्या एकाच कामासाठी.

आमच्या वॉर्डातून आम्ही दोघं निवडून आलो. मी आणि माझा चुलत भाऊ. तो नांदेडला प्लॉटिंगच्या धंद्यात होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन फोन, पांढरी गाडी. प्रचाराला महिनाभर गावात राहिला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला, मायच्या हातचं पिठलं खाल्लं आणि म्हणाला, "काकू, नळ तुमच्या दारात, पहिली घागर माझ्या हातानं भरणार." मायनं त्याच्यासाठी घरोघर फिरून मतं मागितली. तेव्हा सरपंच मेंबरांतूनच निवडायचा नियम होता. सगळे मिळून नऊ, त्यातलाच एक सरपंच.

आता ग्रामपंचायतीच्या सभा कशा होतात ते सांगतो. नोटीस निघते, तारीख पडते, दोघं-तिघं येतात, चहा होतो. मग शिपाई रजिस्टर पिशवीत घालून गावभर फिरतो. आमच्या शिपायाला सगळे मामा म्हणतात. गरीब माणूस, रिटायर व्हायला आलेला. मामा रानात जातो, गोठ्यात जातो, किराणा दुकानात जातो. ज्यानं त्यानं आपापल्या नावापुढं सही करायची. सही झाली की सभा झाली. वर ठराव काय लिहायचा ते ग्रामसेवक, म्हणजे आमचे भाऊसाहेब, नंतर सवडीनं लिहितात. शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. सभेला बसल्याचा भत्ता मात्र प्रत्येकाला, जो बसला त्यालाही आणि जो बैलाला पाणी पाजत होता त्यालाही.

मलाही पहिल्या पहिल्यांदा यात काही वावगं दिसलं नाही. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. एका महिन्यात मायला घेऊन मी नांदेडला दवाखान्यात होतो, सभा चुकली. परत आलो तर मामा दुकानात हजर. समोर फॉर्म भरायला सहा माणसं बसलेली. "बीए, इथं एक मारा." मी मारली. वर पान कोरं होतं. बघितलं आणि तरी मारली.

नळाच्या लाइनचा विषय सभेत आला त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळ्यांना खोलीत बसायला लावलं. पैसा एकाच कामापुरता होता. वस्तीची पाइपलाइन, नाहीतर फाट्यावर भाड्यानं द्यायचे गाळे. सरपंचाला गाळे पाहिजे होते, दोन गाळे कुणाला जाणार तेही ठरलेलं होतं. मी म्हणालो, मत घ्या, हात वर करून घ्या. मोजणी माझ्या डोक्यात पक्की होती. पाच आमच्या बाजूला, चार तिकडं.

हात वर झाले. चार.

मी दाराकडं बघितलं. भाऊ नव्हता. सकाळी फोनवर 'निघालोच' म्हणाला होता.

तिकडचेही चार. समसमान झालं की सरपंचाला जादा मत. त्यानं दुसऱ्यांदा हात वर केला, तोही आळस दिल्यासारखा, आणि वस्तीचं पाणी फाट्यावरच्या गाळ्यांत गेलं. भाऊसाहेब म्हणाले, "आता तीन महिने हा विषय परत घेता येत न्हाई."

मी रजिस्टर ओढून घेतलं. नऊच्या नऊ सह्या. भावाचीही, त्याच्या नेहमीच्या लफ्फेदार अक्षरात.

"मामा, हे कधी आलते?"

मामा खाली बघत म्हणाला, "ते आगाऊ करून ठेवतेत. मागल्या बाजाराला आलते तवा चार पानावर करून गेले."

पुढच्या महिन्यांच्या कोऱ्या पानांवरही त्याची सही होती. जी सभा अजून भरलीच नव्हती, तिला तो हजर होता.

मी तिथूनच फोन लावला. मागं गाण्याचा आवाज, कुणाचा तरी साखरपुडा चालू होता.

"दादा, रागावू नको. सोयऱ्याचा कार्यक्रम, टाळता आला न्हाई."

"मत होतं आज. वस्तीचं."

"अरे, पण सही केलती की मी!"

हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की सही केली म्हणजे त्याचं काम झालं. मला त्या क्षणी राग आला नाही, शिसारी आली. ताटात केस निघावा तशी. पिठलं खाऊन हात धुवायला ज्या घागरीतलं पाणी त्यानं घेतलं होतं, ती घागर कुणी भरली होती हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

त्याच आठवड्यात दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी मोबाइलवर विधानसभेचं कामकाज लावलं. कधी बघितलं नव्हतं. एक जण कागद वाचत होता, मागं बाकांच्या रांगा रिकाम्या. एक जण मान मागं टाकून डोळे मिटून पडलेला. मग खुर्चीवरून पटपट आवाज आला, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. दहा-बारा तोंडांतून 'होय' निघालं आणि कायदा झाला. बाकीचे कुठं होते? कुणाच्या साखरपुड्याला? त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडतो, मत द्यायला असोत की नसोत. मुकादमाचं म्हणणं मला आठवलं, तोंडानं 'हाय' म्हटलेलं चालत नाही. डाळ निवडणाऱ्या बाईवर जेवढा अविश्वास आहे, त्याच्या चाराणेसुद्धा या माणसांवर कुणी दाखवत नाही. कायदा करणाऱ्याला खाडा नाही आणि डाळ निवडणारीला दोन हजेऱ्या! मी मोबाइल पालथा ठेवला. मला थुंकावंसं वाटलं आणि मी दुकानाबाहेर जाऊन खरोखर थुंकलो.

पुढच्या सभेत मी म्हणालो, "भावाची सही खोटी आहे. त्या दिवशी गैरहजर लिहा, भत्ता कापा. आगाऊ सह्या खोडा."

सरपंच हसला. त्यानं रजिस्टर मागं उलटत नेलं, एका पानावर बोट ठेवलं. "ही कुणाची सही हाय, बीए साहेब? या दिवशी तुम्ही मायला घेऊन नांदेडला होतात. सगळ्या गावाला ठाऊक. आणि वर काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही शिकलेले."

वाचलं. 'फाट्यावर व्यापारी गाळे बांधण्याची जागा सर्वानुमते निश्चित करण्यात आली.' खाली माझी सही. ज्या गाळ्यांविरुद्ध मी भांडत होतो, त्यांना मीच आधी होकार देऊन बसलो होतो. सहा माणसांचे फॉर्म ओळ न् ओळ वाचून भरणाऱ्या माणसानं कोऱ्या पानाखाली सही ठोकली होती.

"त्याची खोडायची तर तुमचीबी खोडू. बसा गप."

मी घरी आलो. मायला सगळं सांगितलं, कारण तिच्यापासून काही लपत नाही. भावाचं ऐकताना ती नुसती मान हलवत होती. माझं ऐकलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं.

"तूबी?"

"माय, तुझ्याच दवाखान्यात होतो ना."

"मग खाडा लावून घ्यायचा. मी न्हाई लावून घेतला? तू तापानं फणफणून राहिलता तवा?" ती खोकली, थांबली, आणि परत म्हणाली, "बसला न्हाईस त्या दिवसाचे पैसे घेतलेस. आणि वर बी.ए."

त्या 'वर बी.ए.' चा वळ अजून आहे. भावाबद्दल वाटलेली शिसारी मला आता स्वतःबद्दल वाटत होती, आणि ही फोन ठेवला की संपेल अशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना लेखी दिलं. अमुक सभेला मी हजर नव्हतो, सही नंतर केली, मला गैरहजर धरावं, भत्ता परत घ्यावा. भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "असा अर्ज माझ्या नोकरीत पहिला," म्हणाले. "तुमच्याच अंगावर येईल हं." येऊ द्या म्हणालो. नक्कल घेतली, पोच घेतली. शिकलेल्याचा एवढा उपयोग तरी झाला पाहिजे.

महिन्यानं ग्रामसभा आली. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या. वस्तीतल्या बाया घागरी घेऊनच आल्या होत्या, कडेला ओळीनं ठेवून बसल्या. मी उभा राहिलो आणि आधी स्वतःचा अर्ज वाचला. पुढच्या ओळीतला एक म्हातारा म्हणाला, "लई खरं बोलून राहिला रे, निवडणूक आली का?" लोक हसले. मग मी भावाच्या चार आगाऊ सह्यांचं सांगितलं. हसणं थांबलं. भाऊ आला होता, ग्रामसभा म्हटल्यावर दिसावं लागतं. मागं गाडीला टेकून उभा होता.

सरपंच म्हणाला, "बरं बरं. इथून पुढं रजिस्टर टेबलावरच राहील. मामा घेऊन फिरणार न्हाई. झालं?"

झालं, असं मलाही वाटलं. तेवढ्यात माय उठली. ती कधी ग्रामसभेत बोलली नव्हती.

"भाऊसाहेब, एक इचारू?"

"इचारा की आक्का."

"हे लोक टेबलावर सही करतील आन् चहाला म्हणून जातील. हात वर करायच्या टायमाला माणूस न्हाई. मग?"

मग तिनंच सांगितलं.

"आमच्या मिलमदी दोनदा हजेरी होती. सकाळची आन् दुपारची. दुपारी हात दिसला न्हाई की सकाळचीबी गेली. मेंबरलाबी तसंच करा. मताच्या टायमाला परत नाव पुकारा. हात दिसला तर भत्ता, न्हाई तर खाडा."

मागून भाऊ ओरडला, "काकू, आम्ही काय मिलमदले मजूर हाव का?"

मायनं वळून बघितलं. "न्हाई बाबा. मजूर रोज येतेत."

आधी बाया हसल्या, मग सगळा पार हसला. सरपंचही हसला आणि हसला तिथंच फसला. हसल्यावर नाही कसं म्हणणार? भाऊसाहेबांनी तिथल्या तिथं लिहून घेतलं. ठरावाला सूचक म्हणून एका बाईनं नाव दिलं, अनुमोदक म्हणून दुसरीनं. आणि दर ग्रामसभेला कुणाचे किती खाडे ते वाचून दाखवायचं, हेही त्यातच घातलं. आगाऊ सह्या मामानं स्वतःच्या हातानं, पट्टी लावून, तांबड्या पेनानं खोडल्या. मला वाटतं, त्याला बरं वाटत होतं. इतकी वर्षं त्यानं ती पिशवी वाहिली होती.

त्यानंतरच्या दोन सभांना भाऊ आला नाही. दोन खाडे. भाऊसाहेबांनी त्याला फोनवर सांगितलं की सहा महिने लागोपाठ असंच चाललं तर मेंबरकी जाईल. पहिल्यांदा त्याच्या गैरहजेरीची नोंद खरी होत होती, म्हणून पहिल्यांदा त्याला भीती वाटली. लाज वाटली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. पण मिळालं ते घेतलं.

तीन महिन्यांची अट संपून गेली होती, पाचव्या महिन्यात विषय परत लागला. गाळ्यांचं काम अजून कागदावरच होतं. त्या दिवशी नऊच्या नऊ हजर. भाऊ सर्वांत शेवटी आला, टेबलावर वाकून लफ्फेदार सही केली, खुर्चीत बसला. आम्ही पाणी, निधी, मोटर बोलत होतो तोवर त्याचा फोन वाजला. "प्लॉटची पार्टी आहे, दोन मिनिटं," म्हणून तो उठला. खिडकीतून दिसलं, तो गाडीकडं निघाला होता. चावी हातात.

सरपंच घाईनं म्हणाला, "चला, मत घेऊन टाकू."

मामा दारात उभा राहिला. गळा साफ केला आणि दुपारच्या हजेरीची नावं पुकारायला लागला. एवढ्या मोठ्यानं मामाला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. एकेक हात वर होत होता. भावाचं नाव सातवं होतं. मामानं ते दारातून बाहेर, गाडीच्या दिशेनं पुकारलं. बाहेर ओट्यावर माय आणि वस्तीतल्या बाया बसल्या होत्या. त्या त्याच्या वाटेतून उठल्या नाहीत आणि त्याला काही बोलल्याही नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. पुढं गाडी, मागं नाव. तो वळला. पायरीवर चप्पल काढताना मायनं विचारलं, "आला का रे रोजावर?"

आत येऊन त्यानं हात वर केला. एका हातात फोन कानाला, दुसरा हात वर. ज्या हातासाठी आम्ही चार-पाच महिने थांबलो, तो त्यानं असा दिला, जणू माशी हाकलत होता.

पण वर केला, आणि लगेच मत घेतलं तेव्हा लाइनच्या बाजूनंही केला. पाच विरुद्ध चार. वस्तीची लाइन मंजूर झाली.

मी त्याला धन्यवाद दिले नाहीत. लोक म्हणाले, अरे, भाऊ हाय, दोन शब्द बोल. काय बोलू? ज्या कामाचा भत्ता घेतो त्या कामाला आला, याचं कौतुक मिलमध्ये मायचं कुणी केलं नव्हतं. सभा संपल्यावर तो फोटो काढायला थांबला, आणि दोन फोनवर दोन फोटो काढून, 'करून दाखवलं' असं लिहून स्टेटसला टाकले. मला अजून तो फोटो आठवला की तोंड कडू होतं. नळाला पाणी आलं त्या दिवशी पहिली घागर भरायला तो नव्हताच. ती मायनं भरली, बसून, दांडा न मारता.

मुंबईतली बाकं अजून रिकामी दिसतात. तिथं नाव पुकारणारा मामा नाही आणि ओट्यावर बसलेल्या बाया नाहीत. ते मला बदलता आलेलं नाही.

आमच्या वस्तीत प्रत्येक दारात नळ आहे. आमच्या ग्रामपंचायतीत मताच्या वेळी परत हजेरी होते आणि ज्याचा हात दिसत नाही त्याचा त्या दिवसाचा भत्ता जातो. पहिला खाडा माझ्या नावापुढं आहे, तांबड्या पेनानं, आणि तो मी स्वतः लावून घेतला आहे.